चाळीस खुर्च्यांचा वर्ग

सोमवार, ६ जानेवारी

महाराणी,

फोन तू उचलत नाहीस, मेसेज वाचून तसाच सोडतेस, म्हणून आता कागद. हे पत्र आत्याच्या औषधाच्या दुकानात देऊन येणार आहे. ती संध्याकाळी घरी आणेल, आणि आणायच्या आधी स्वतः वाचेल, हे धरूनच लिहायला बसले आहे. वन्सं, खुशाल वाचा, फक्त पोरीच्या हातात द्यायला विसरू नका.

भांडण उकरून काढायला लिहीत नाही. मी असं काय केलं होतं? कॉलेजच्या भर सेमिनारमध्ये तू इतकी पुटपुटत होतीस की मधल्या रांगेतसुद्धा काही पोहोचत नव्हतं. मी म्हटलं, "जरा मोठ्याने बोल गं." बाकीची मुलं हसली त्याला मी काय करणार? तेवढ्यावरून बॅग भरून आत्याकडे राहायला जायचं म्हणजे कमाल आहे तुझी. असो, विषय संपला.

आता कामाचं. आज आमच्या तिसऱ्या वर्षाची नोंदणी झाली. आई तिसऱ्या वर्षाला आणि मुलगी दुसऱ्या, यावर कॅन्टीनमध्ये जे विनोद होतात ते मलाही ऐकू येतात, मी काही बहिरी नाही. पण माझी जुनी दोन वर्षं युनिव्हर्सिटीने धरली आहेत ती या वर्षाच्या शेवटापर्यंतच. ऑफिसात खिडकीवर बसणारे भाऊ मला दर वेळी हे ऐकवतात: "काकू, जूनपर्यंत सगळे विषय सुटले तर डिग्री, नाहीतर जुने क्रेडिट बाद आणि पहिल्या वर्षापासून सुरुवात." त्यात इकॉनोमेट्रिक्स, म्हणजे ते आकड्यांवरून अर्थशास्त्र ताडून बघायचं, सक्तीचं. ते वर्षातून एकदाच असतं, याच टर्मला, एकच वर्ग, आणि लॅबमध्ये कॉम्प्युटर चाळीस म्हणून खुर्च्याही चाळीस.

तुझंही घोडं तिथेच अडलंय हे मला ठाऊक आहे. रेघवाल्या बाई पुढचं वर्ष संपलं की निवृत्त होणार, आणि शेवटच्या वर्षी प्रोजेक्टला त्याच मुलांना घेणार ज्यांनी दुसऱ्या वर्षातच त्यांचा हा विषय केलाय. त्या फळ्यावर ठिपके काढून "यातून रेघ काढा" म्हणतात हे मला तूच पहिल्यांदा सांगितलं होतंस. पहिल्या वर्षापासून घरात दुसऱ्या कुणा बाईंचं नाव ऐकलं नाही मी. माझंही नाही.

तर सकाळी पोर्टल उघडलं. तुझे बाबा मागे उभं राहून "दाब, दाब" असा धोशा लावून बसले होते. मला जागा मिळाली, जीव भांड्यात पडला. दुपारी सहज पाहिलं तर तीनच जागा शिल्लक, आणि तुम्हा दुसऱ्या वर्षवाल्यांची पाळी उद्या. माझ्या तोंडचं पाणी पळालं. पण तू काळजी करू नकोस, मी बंदोबस्त केला आहे.

आमच्या वर्गात एक मुलगी आहे, सर यायच्या आधीच सगळ्यांना गप्प करते म्हणून तिला मॉनिटर म्हणतात. ती इतिहासही करते, तिला हा विषय नको आहे, पण पोर्टल तिला जागा देतं. तिला सांगून एक जागा धरून ठेवली. उरलेल्या दोन तासाभरात गेल्या. दवाखान्यात काउंटरवर बसून मी इतकी वर्षं हेच करत आले. डॉक्टरांची शनिवारची वेळ लवकर भरते. ओळखीच्या कुणाची दाढ दुखायला लागली की मी तिथे पेन्सिलीने कुठलं तरी नाव टाकून ठेवते. माणूस आला की खोडरबर फिरवायचं आणि त्याचं नाव लिहायचं. माझ्या कारकिर्दीत एकही दाढ वाऱ्यावर पडलेली नाही.

उद्या आठला पोर्टल उघडेल तेव्हा "जागा नाही" असं दिसेल. घाबरू नकोस. तिथे ते वेटिंगमध्ये नाव घालण्याचं वगैरे येतं, त्या भानगडीत पडू नकोस, उगाच नाव अडकून बसेल. मॉनिटरचा सकाळचा तास सुटला की दहाच्या ठोक्याला ती जागा सोडेल. तू तयार राहा आणि दाब.

स्वेटर पाठवते आहे, आत्याच्या घरात गारठा असतो.

आई


मंगळवार, ७ जानेवारी

बाळा,

आत्याचा दुकानातून फोन आला होता. तू दार लावून बसली आहेस म्हणाली.

मी दुपारी ऑफिसात गेले. भाऊ जेवायला उठत होते, त्यांना धरून बसवलं. ते म्हणाले, "काकू, कुणी जागा सोडली की ती वेटिंगमधल्या पहिल्या नावाला आपोआप जाते. पुन्हा सगळ्यांसाठी उघडत नाही." मी म्हटलं, दहाच्या ठोक्याला सोडली होती हो. ते म्हणाले, "ठोक्याचा संबंधच नाही त्यात."

म्हणजे मॉनिटरने सोडलेली जागा कुणा भलत्याच मुलाला गेली. तो आठ वाजताच वेटिंगमध्ये पहिला बसला होता. आणि आत्या सांगते की तू साडेसातपासून कॉम्प्युटरसमोर होतीस, आठला सगळ्यांच्या आधी पोहोचलीस. मी मध्ये लुडबुड केली नसती तर ती जागा सरळ तुझी होती. निदान वेटिंगमध्ये नाव घातलं असतंस तरीही तुझीच होती. पण मी लिहिलं होतं की घालू नकोस. दहानंतर घातलंस तेव्हा पाचवी.

मला लागलं ते वेगळंच आहे. इतके दिवस तू माझ्याशी एक शब्द बोलत नाहीस. तरी माझ्या एका पत्रावर विसंबून दोन तास हातावर हात ठेवून बसलीस. आत्या म्हणाली, "मी तिला म्हटलं गं, नाव घालून ठेव. तर म्हणे, आईने सांगितलंय." हे ऐकल्यावर माझ्याकडून दवाखान्यात दोन वेळा चुकीची नावं पुकारली गेली. एकाला दात काढायला आत पाठवणार होते, तो बिचारा नुसते साफ करून घ्यायला आला होता.

माफ कर मला. याच्या पुढे मागे काही जोडत नाही.

आई


गुरुवार, ९ जानेवारी

अगं,

मी रेघवाल्या बाईंना भेटले. तुला विचारून जायला हवं होतं, पण विचारलं तर तू उत्तर देणार नाहीस, म्हणून गेले.

बाईंची खोली म्हणजे खुर्चीवरही कागद आणि पायाखालीही कागद. मी उभ्यानेच सगळं सांगितलं, तुझं नाव न घेता. "एका मुलीची जागा गेली," एवढंच. त्यांनी चष्मा काढला. "तिसऱ्या वर्षातल्या कितीजणांनी धाकट्या मैत्रिणींसाठी जागा धरल्या असतील असं तुम्हाला वाटतं?" मी म्हटलं, मला काय माहीत. त्या म्हणाल्या, "पहिल्या वर्षाला साठेबाजी आम्हीच शिकवतो. माल कमी पडेल या भीतीने लोक साठा करतात, आणि साठा केल्यामुळे माल कमी पडतो. परीक्षेत सगळे बरोबर लिहितात. नोंदणीच्या दिवशी सगळे साठा करतात." माझ्या पेपरातसुद्धा हेच उत्तर होतं, चांगले मार्क पडले होते त्याला. कुठे बघावं ते कळेना मला.

मी म्हटलं, एक खुर्ची मी घरून आणते, घडीची आहे. त्या म्हणाल्या, "खुर्चीचा प्रश्न नाही, कॉम्प्युटर चाळीस आहेत." मग दोघी एकावर बसल्या तर? "परीक्षेलाही दोघी एकावरच बसणार का?" मी निघताना म्हणाल्या, "लोकांनी धरलेल्या जागा सुटतील हळूहळू. तिला नाव राहू द्यायला सांगा."

आणि तसंच होतंय. सकाळी भाऊंना विचारलं तर तू पाचव्यावरून दुसरी झाली आहेस. ज्यांनी ज्यांनी मैत्रिणींसाठी जागा धरल्या होत्या त्या सगळ्यांची माझ्यासारखीच फजिती झाली म्हणायची. म्हणजे मी एकटीच मूर्ख नव्हते. याचा तुला काही उपयोग नाही, मला मात्र जरा बरं वाटलं.

बाबा रोज जेवताना तुझ्या जागेकडे बघतात. त्यांना बोलतं करायला तू लागतेस. आमचं दोघांचं संभाषण सध्या "मीठ दे" आणि "दिवा बंद कर" इतकंच चाललं आहे.

आई


सोमवार, १३ जानेवारी

बाईसाहेब,

तुझं उत्तर मिळालं. पाच ओळी. वर मायना नाही, खाली नाव नाही. मी तेवढंही चार वेळा वाचलं.

"मी आता वेटिंगमध्ये पहिली आहे. तू इकॉनोमेट्रिक्स सोडलंस तर जागा आपोआप मला येईल. तुला या डिग्रीचं करायचं काय आहे, दवाखान्यात तर आहेसच. माझं पुढचं सगळं यावर आहे. शुक्रवारी पाचपर्यंत सोडता येतं."

एक सांगते, अक्षर सुधारलंय तुझं.

बाबांना वाचून दाखवलं. ते बराच वेळ पेपरची घडी घालत बसले. मग म्हणाले, "देऊन टाक. तिचं सगळं आयुष्य पडलंय पुढे." मी विचारलं, माझं कुठे पडलंय? तर म्हणाले, "तसं नाही गं म्हणायचं मला." आत्या तर औषधं मोजता मोजता म्हणाली, "त्यात विचार कसला करायचा? आई आहेस ना तू?" दुकानात दोन गिऱ्हाईकं उभी होती, त्यांनीही मान डोलावली. खोकल्याचं औषध घ्यायला आलेल्या माणसाने माझ्या डिग्रीचा निकाल लावून टाकला.

मी कुणावर रागावले नाही. म्हणजे रागावले, पण तुझ्यावर कमी. तू विचारलेलं चुकीचं नाही. तुझी जागा माझ्यामुळेच गेली, आणि माझी तुला देता येते. कुणीही सरळ माणूस म्हणेल, दे.

आज पहिला तास झाला. तुला सांगू नये, जखमेवर मीठ चोळल्यासारखं होईल, हे कळतंय. पण हे समजेल असं घरात दुसरं कोण आहे? बाईंनी फळ्यावर ठिपके काढले. सगळे एका बाजूला, आणि एक ठिपका लांब, कोपऱ्यात. त्याला धरून रेघ काढली तर आडवी होते, सोडून काढली तर चढती. बाईंनी विचारलं, "हा सोडायचा का?" वर्ग म्हणाला, सोडा. मी म्हटलं, "आधी तो तिकडे का गेला ते बघायला नको का?" बाई खडू खाली ठेवून म्हणाल्या, "पुढचा महिनाभर आपण तेच बघणार आहोत." मला इतका आनंद झाला की शेजारच्या मुलाचा रबर मीच पिशवीत टाकून घरी आणला.

शुक्रवारपर्यंत विचार करते. तोवर मला कुणी दटावू नये, हे आत्याने वाचत असताना तिथेच थांबून दोनदा वाचावं.

आई


शुक्रवार, १७ जानेवारी

बाळा,

पाच वाजून गेले. मी जागा सोडली नाही. हे पहिल्यांदाच लिहिते, म्हणजे पुढचं वाचताना तुला आशा लागायला नको.

मी सोडायच्या तयारीनेच गेले होते. दवाखान्यातून लवकर निघाले, डॉक्टरांना म्हटलं, घरचं काम आहे. लायब्ररीतल्या कॉम्प्युटरवर पान उघडलं. विषयाच्या नावापुढे "सोडा" असं बटण आहे, त्यावर बाण नेऊन ठेवला. मग पाणी पिऊन आले. परत बसले. समोर भिंतीवर "शांतता राखा" लिहिलंय, ते वाचत बसले. मॉनिटर येऊन बाजूला उभी राहिली, पोरगी जन्मात पहिल्यांदाच गप्प होती.

तुला एक गोष्ट कधी सांगितली नाही, कारण ती सांगितली की तुझ्या नावावर पडते, आणि ती तुझी नाहीच. माझं दुसरं वर्ष संपलं तेव्हा तू पोटात होतीस, बोटाएवढी. मला कुणी "कॉलेज सोड" म्हटलं नव्हतं. तुझ्या बाबांनी नाही, आजीने नाही, माझ्या आईनेही नाही. तिसऱ्या वर्षाची नोंदणी सुरू झाली. तेव्हा रांगेत उभं राहावं लागायचं. रोज सकाळी घरातले सगळे माझ्याकडे एकदा बघायचे आणि मग दुसरीकडे बघायचे. मी एक दिवस गेले नाही, दुसऱ्या दिवशी गेले नाही, आणि मुदत संपली. नंतर सगळे म्हणाले, तिनेच सोडलं. खरंच आहे, मीच सोडलं. भांडायला समोर कुणी आलंच नव्हतं. इतकी वर्षं मला कुणावर धड रागावताही आलं नाही, कारण कुणी काही मागितलंच नव्हतं माझ्याकडे.

आज त्या बटणासमोर बसून मी तेच करत होते. सगळ्यांनी एकदा बघितलं होतं, आणि मी निघाले होते.

मग तुझं पत्र पर्समधून काढलं. बाकीचे "दे" म्हणाले ते तुझ्या वतीने; इतक्या माणसांत तू एकटी आहेस जिने स्वतःसाठी सरळ मागितलंस, सोड म्हणून. वाचताना पहिल्या दिवशी मला रडू आलं होतं, ते खोटं कशाला सांगू. "तुला करायचं काय आहे" हे तर फारच लागलं. पण तू मागितलंस म्हणून मला उत्तर देता आलं. नाही, बाळा. मी सोडणार नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी हे कुणाला तरी तोंडावर सांगते आहे, आणि ते माणूस तू असावीस याचं मला वाईटही वाटतंय आणि एका अर्थी बरंही वाटतंय. त्याबद्दल तुझे आभार मानते. टोमणा नाही हा.

डिग्रीचं काय करणार, ते मला माहीत नाही. दवाखान्यात पगार वाढणार नाही, डॉक्टरांना तर मी काय शिकते तेही धड ठाऊक नाही, कुणी विचारलं तर "काहीतरी अकाउंटिंग" सांगतात. मला ती हवी आहे, एवढंच. तू कधी काही मागताना कारण जोडत बसत नाहीस. तशी तुला मीच वाढवली, त्यामुळे आता तक्रार करत नाही.

तुझं नुकसान झालं आहे आणि ते लहान नाही. दुसऱ्या कुणीही जागा सोडली नाही, म्हणजे रेघवाल्या बाईंबरोबरचं प्रोजेक्ट गेलं. हा विषय तुला पुढच्या वर्षी करावा लागेल, प्रोजेक्टला दुसऱ्या कुणाकडे जावं लागेल. नोंदणीच्या दिवशी जे झालं ते माझ्या शहाणपणाने झालं, त्याची माफी मागितली आहे आणि पुन्हा मागते. आज जे झालं ते मी समजून उमजून केलं. त्याची माफी मागणार नाही. तुला राग येईल तो येऊ दे, भरपूर येऊ दे. मला समोर उभी करून रागाव, मी दुसरीकडे कुठेही बघत बसणार नाही.

बाईंकडे मी तुझ्याबद्दल पुन्हा एक शब्द काढलेला नाही. जिभेला फार त्रास झाला, पण काढला नाही. त्यांच्याकडे जायचं असेल तर तू जा, काय बोलायचं ते तुझं तू ठरव.

घरी येऊन बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "बरं." मग चहा केला त्यांनी, स्वतःहून, आणि साखर विसरले. मी तसाच प्यायले. थोड्या वेळाने म्हणाले, "तेव्हा मी विचारायला हवं होतं गं तुला." मी म्हटलं, हो, हवं होतं. बस, एवढंच बोललो आम्ही.

रविवारी जेवायला ये. रागावलेलीच ये. नाही बोललीस तरी चालेल, पण ये.

आई